माळ्यावरचा उकाडा

चिरंजीव,

वाचनालय बंद निघालं, म्हणून दुपारीच परतलो. तू तर कामावर, मग पातेल्यातल्या चमच्याचा दांडा मला चटका कसा देतो? इस्त्रीपासून हातभर लांब होतो, तरी गाल शेकला. चोर म्हणावा, तर चोर शर्टाला इस्त्री करत बसत नाही. मी एकदा अस्वलाला चहा पाजलाय, पण तुझं रोजचं ऑफिस ही त्याहून मोठी थाप निघाली.

गरम हवा वर चढते, बाबा. माझी चाहूल लागताच माळ्यावर लपलास, पार उकडून निघाला असशील. तू उतरावंस म्हणूनच मी दार आपटून बाहेर पडलो.

आता दोघांचा चहा टाक. नोकरी गेल्याचं आईला मिळून सांगू. खरं बोलायची मला सवय नाही, तेव्हा सुरुवात तू कर.

तुझा बाप