मावशीचं उष्टं

३ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचा! खोली दुसऱ्या मजल्यावर, चांगली हवेशीर. खिडकीखाली लाँड्री आहे, त्यामुळे दिवसभर इस्त्रीचा गरम, स्वच्छ वास वर येतो. आणखी काय हवं माणसाला? आल्या आल्या मी दाराच्या मुठी पुसल्या, बादली घासली आणि घरमालकाने प्रेमाने दिलेले पेले तितक्याच प्रेमाने माळ्यावर टाकून माझा स्वतःचा पेला बाहेर काढला. ही असती तर म्हणाली असती, झालं यांचं सुरू! बायकोचंही उष्टं न चालणारा नवरा तिच्या नशिबी आला, त्याला मी काय करू? शाळेतलं तिचं काम उरकलं की महिनाअखेरीस ती येईल.

आणि नोकरी! हिला फोनवर सांगितलं तेव्हा ती अशी किंचाळली की शेजारीण धावत आली म्हणे. मागे ही आजारी होती तेव्हा पडल्या पडल्या एकच गेम खेळत होती. त्यात आपण वाटसरू, रानावनातून भटकायचं, आणि मागून खांद्याला झोळी अडकवून एक म्हातारी चालते: मावशी. जखम झाली की पट्टी बांधते, चुकलं की झापते. नवऱ्यापेक्षा मावशीने जास्त काळजी घेतली, हे हिने मला अजून किती वर्षं ऐकवायचं ठरवलंय कोण जाणे. शेवटी मावशी नदीकाठी मागे राहते, वाटसरू एकटा पुढे जातो. तेव्हापासून खेळणाऱ्यांनी गेम बनवणाऱ्या या आमच्या कंपनीचं डोकं खाल्लंय की मावशीला परत आणा. आता दुसऱ्या भागात ती परत येते आहे, आणि तिचा आवाज साफ करणार कोण, तर अस्मादिक.

५ फेब्रुवारी, बुधवार

माझं काम बाहेरच्यांना सांगितलं तर हसतात. माणूस बोलतो तेव्हा नुसते शब्द येत नाहीत. चिकटलेले ओठ सुटताना टचकन वाजतात, जीभ टाळूवरून उचकटते, घशात आवंढा उतरतो. हेडफोन लावून हे सगळं वेचून काढायचं, तांदळातले खडे वेचावेत तसं. माझ्यासारख्या किळसखोर माणसाने हाच धंदा का धरला, असं ही विचारते. मी म्हणतो, घाण दिसते त्यालाच ती काढता येते.

कंपनीच्या मालकाला इथे सगळे कॅप्टन म्हणतात. गडी दिलखुलास आहे. इतका, की बोलता बोलता त्याने स्वतःचं अर्धं खाल्लेलं बिस्किट माझ्या चहात बुडवलं. तो चहा मी कुंडीत ओतला. झाडाची क्षमा मागितली.

एक गोष्ट मला आज कळली. मावशीला आवाज देणाऱ्या बाई गेल्या वर्षी वारल्या. आता जुन्या रेकॉर्डिंगवरून संगणकानेच आवाज तयार केलाय. चेहरा तोच, झोळी तीच, हनुवटीवरचा मससुद्धा तोच. आवाजही हुबेहूब. पण ज्यांना ज्यांना खेळायला दिलं ते सगळे म्हणाले, ही आपली मावशी नाही, कुणीतरी तिचं सोंग घेऊन आलंय. संवाद लिहिणाऱ्या लेखिकाबाई तर बिचाऱ्या रडकुंडीला आल्या आहेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कॅप्टनच्या डोक्यातून भन्नाट खूळ निघालं. त्याचं म्हणणं, आवाज फार स्वच्छ आहे, म्हणून मेलेला वाटतो. माझ्या आधी इथे असलेल्या माणसाने पहिल्या भागाच्या वेळी जे जे कापलं ते टाकून दिलं नव्हतं. ओठांची चपचप, दातांच्या फटीतली सुरसुर, आवंढे, सगळं एका फोल्डरमध्ये साठवून ठेवलंय. फोल्डरला नाव दिलंय ‘उष्टं’. आता ते मी परत भरायचं, मावशीच्या नव्या वाक्यांमध्ये, जागच्या जागी.

म्हणजे जन्मभर जी घाण काढली ती हाताने कालवायची! सकाळभर मेलेल्या बाईची थुंकी कानात वाजत होती. दोनदा बेसिनपाशी जाऊन आलो. पण एका वाक्यात एक आवंढा नीट बसवला आणि ऐकलं, तर मावशी चक्क शेजारी बसून बोलल्यासारखी बोलली. लेखिकाबाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? मी आ वासून ऐकतच राहिलो होतो. कॅप्टनने माझा जबडा बोटाने मिटवला. त्याच बोटाने तो आधी कान कोरत होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

फोल्डरच्या तळाशी रेकॉर्डिंगचे शेवटचे दिवस आहेत. बाईंचा घसा तेव्हा पार गेला होता, लेखिकाबाईंनी हळूच सांगितलं. काचेच्या खोलीत बसून त्या पाणी मागायच्या आणि कॅप्टन बाहेरून म्हणायचा, एवढं वाक्य होऊन जाऊ दे, मग पी. ते सगळं त्यात आहे. ओला खोकला. बेडका वर येतो, रुमालात पडतो, आणि लगेच त्याच घशातून गोड आवाजात मावशीचं पुढचं वाक्य. कॅप्टनला हे सांगितलं तर त्याचे डोळे चमकले. सोनं आहे ते, तेही भर म्हणाला.

माणूस आहे की कोण? जेवलो नाही. भरलं मात्र. पोटाचा प्रश्न आहे.

संध्याकाळी एक वाक्य ऐकताना शेवटी दोन शब्द जास्तीचे ऐकू आले. घसा खाकरून मावशी म्हणाली, पाणी दे. लेखिकाबाईंना विचारलं. त्यांनी ते लिहिलेलं नाही. फोल्डरमध्येही तसा तुकडा नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

उठलो तेव्हा तोंड भरलेलं होतं.

स्वतःच्या तोंडाची चव माणसाला कळत नाही. ही कळते आहे. कडू औषध, कवळी चिकटवायचा गम आणि खाली काहीतरी कुजकट. ही लाळ माझी नाही. जाड आहे, थुंकली तर तार तुटत नाही, बोटाला गुंडाळून ओढावी लागते. हिरड्यांतून रक्त येईपर्यंत दात घासले. थुंकलो, की पुन्हा भरते. दुसऱ्या कुणाची तरी थुंकी मी दिवसभर गिळतो आहे. मी! जो बायकोच्या पेल्यातून पाणी पीत नाही!

डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला. कामाचा ताण आहे म्हणाले, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. त्यांनी लगेच स्वतःचे हात धुतले, दोनदा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हिचा फोन आला. जेवलीस का, असं विचारायला तोंड उघडलं आणि मावशी बोलली. मावशीच. हिला बाळे म्हणाली, पायाला पट्टी नीट बांध म्हणाली. ही आनंदाने वेडी झाली. तिला वाटलं मी नक्कल करतोय. अजून बोला ना, अजून बोला ना, असा तिने लकडा लावला. मी फोन कापला आणि बेसिनवर वाकलो. कितीतरी वेळ ते पडतच होतं.

मावशीला हिची ओळख पटली. तिच्या बोलण्यातला लाड मला कळतो. किळस आली त्याची.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ऑफिसात जाऊन सगळं पुसलं. वाक्यं, फोल्डर, सगळं. स्पीकरची वायरसुद्धा उपटली. तरी मावशी बोलतच होती. बोलत होतं माझं तोंड.

लेखिकाबाई पळाल्या. कॅप्टन पळाला नाही. आनंदाने टाळ्या वाजवल्या त्याने! मला काचेच्या खोलीत ढकललं, माईक तोंडाशी धरला. लाळ त्याच्या मनगटावरून ओघळत होती आणि तो म्हणत होता, एवढं वाक्य होऊन जाऊ दे. मी त्याच्या हाताला चावलो. मी, की ती—

ती म्हणाली, हे तोंड मला होत नाही. बाप्याचं तोंड, टाळू उंच, दात भलतेच. बाईचं हवं. माझी एक पोर आहे, जीव लावलाय तिने मला. तिचं उघडं तोंड दिसलं की झालं, मग तुझी सुटका.

सुटका म्हणाली. क्षणभर, फक्त क्षणभर, मला बरं वाटलं. स्वतःचीच शिसारी आली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बोलायचं नाही. तोंडात टॉवेल कोंबलाय. तो पिळून पिळून परत कोंबतो. फरशी चिकट झाली आहे.

हिला मेसेज केला: येऊ नकोस. तिने विचारलं, का? लिहिलं, घसा बिघडलाय, लागण होईल. चुकलं. तिचं उत्तर आलं, मग तर येतेच, तुम्ही आजारी आणि मी इथे कशी बसू? रजा टाकली आहे, उद्या सकाळी पोचते. त्यानंतर मी किती मेसेज पाठवले. तिकडून नुसती हसरी तोंडं.

किल्ली आहे तिच्याकडे. आतून कडी लावावी तर कडी तुटकी, घरमालक उद्या बघतो म्हणाला होता. कपाट सरकवून दाराला लावलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

अगं, हे तुझ्यासाठी लिहितोय. पान फाडून दाराखालून सरकवतो. वाच आणि मागे फीर. मला बोलता येत नाही, जे बोलतंय ते मी नाही. नक्कल नाही ही. काना-तोंडाला पदर लाव आणि जिना उत—

आलीस. पावलं ओळखली.

टॉवेल बाहेर पडला. ती हाक मारते आहे तुला माझ्या तोंडाने, बाळे म्हणते आहे, मी डाव्या हाताने दाबलं तर बोटांमधून—

कपाट सरकतंय. तुझ्यात एवढी ताकद नाही. माझाच खांदा ढकलतोय ते. माझेच पाय—

दार किलकिलं झालं. तुझा चेहरा दिसला. मावशी, म्हणालीस. हसते आहेस.

हसू नकोस गं. अशी तोंडभर हसू नकोस. मिट. तोंड मिट, तोंड मि—