आईच्या नावाचा डबा

बावडा, शनिवार संध्याकाळ

माझ्या खेळण्यातल्या विमानाची बॅटरी आईच्या स्टीलच्या डब्यात कशाला ठेवली मी? हैदराबादला विमानं उडवायच्या स्पर्धेला निघालो होतो. एसटीत मांडीवर विमानाचा पंख, पायाशी डबा. इंदापूर सोडलं आणि वायरींची टोकं डब्याला टेकून धूर निघाला. शेजारचे एक तात्या ओरडले, "बॉम्ब हाय! हाणा त्याला!" सगळी गाडी तुटून पडली. लाथा, बुक्क्या, चपला. ओठ फाटला, तरी पंख मी पोटाशी धरून ठेवला. शेवटी कंडक्टरनं सोडवलं. तात्या हसले, "खेळणं हाय व्हय? आदी सांगायचं न्हाय का!"

लोकांच्या मारातून वाचवलेला पंख मी तात्यांच्या तोंडावर मोडला. मोडका तुकडाही हाणत राहिलो.

मघापासून डबा घासतोय. वर कोरलेल्या आईच्या नावात तात्यांचं उडालेलं रक्त वाळलंय. निघत नाही.