भिंत घालण्याआधी माणसं मोजावीत

कोलशेत, ठाणे

रा. रा. तानाजीपंत, संस्थान टेक्सास, यांस नौपाड्याच्या शाळेतल्या तिसऱ्या बाकावरच्या सोबत्याचा नमस्कार.

तुझे गुडघे, वहिनींचा रक्तदाब आणि तुझी मतं, तिन्ही जागच्या जागी असतील असं धरून चालतो. इकडे सौ. मालन बरी आहे. आमचा मुलगा विनीत (तुझ्या चेंडूने ज्याची करंगळी मोडून कायमची बाहेर वळली, तोच) मेक्सिकोत हॉटेलच्या नोकरीत रुळतो आहे. या रविवारी तिकडे रेंज नसल्याने बोलणं झालं नाही, एवढंच.

आता मुख्य दुःख. गेले अकरा दिवस माझ्या पोह्यांवर कोथिंबीर नाही. हसू नकोस. कोथिंबीर आणायची ती ठमाबाई, सोसायटीमागच्या जुन्या गावातली. एकेकाळी तिच्या घरची मिठागरं होती. त्यांतल्याच एकावर आता आमची वाहनं उभी असतात. मागच्या कुंपणाला एक फट होती, तिच्यातून ती रोज सकाळी टोपली घेऊन यायची. फट आता नाही. तिथे दहा फुटी भिंत आहे, आणि ती घालायला लावणारा मीच.

झालं असं, की तुमच्या सरहद्दीवरच्या भिंतीबद्दल तू जे फॉरवर्ड पाठवतोस (तुझे सतरा, आणि माझी सतराही उत्तरं अनुमोदनाची), त्यांनी माझी तयारी फार उत्तम झाली होती. सर्वसाधारण सभेत कुंपणाचा विषय निघताच मी वर्गात उभा राहतो तसा उभा राहिलो. दुर्ग, खंदक, प्राकार, द्वारपाल, सगळं अन्वयासह सांगितलं. ज्याला कुंपण नाही ते राष्ट्र नव्हे, पटांगण, असा समारोप केला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या मजल्यावरची डॉक्टर योगिनी तेवढी म्हणाली, "पण काका, त्या फटीतून आजवर चोर किती आले?" सेक्रेटरींनी वह्या चाळून एक बोकड सांगितला. बोकड पलीकडचा होता, हे मी सभेच्या निदर्शनास आणलं. ठराव मंजूर.

शेवटच्या विटा बसत होत्या तेव्हा ठमाबाई पलीकडे येऊन उभी राहिली. "मास्तर, भित घालाच्या आगोदर घरची मानसं मोजाची असतान. कोनी भायेर त नाय ना रायला?" त्यांच्या गावात शीव बांधायची तर आधी घरोघर हे विचारतात. जो बाहेर राहतो, तो मग वाट शोधत शिवेवरच फिरत राहतो म्हणे. मी म्हटलं, सगळे आत आहेत. (सभासदांच्या यादीप्रमाणे होतेही.) ती टोपली उचलून गेली, ती पुन्हा आली नाही.

त्याच दुपारी बाहेरच्या अंगाला गिलावा झाला. ओल्या भिंतीला कुणी हात लावू नये म्हणून पंढरी वॉचमन समोर खुर्ची टाकून बसला. तीनच्या सुमारास पाहतो तर गिलाव्यात दोन पंजे, ढकलून पाहावं तसे. पंढरी लेकरांची शपथ घेतो, कुणी आलं नाही. गवंड्याने पुसून सारखं केलं. दुसऱ्या दुपारी पुन्हा पंजे, हातभर वर. तिसऱ्या दुपारी अगदी माथ्यापाशी. मग गवंड्याने हात जोडले आणि काम सोडलं. कॅमेऱ्यात भिंत तेवढी दिसते, आणि तिच्यासमोर आमचा लंगडा कुत्रा. विनीत गेल्यापासून तो कुणाच्याही हातचं बिस्किट खात नाही. तो रिकाम्या जागेकडे मान वर करून शेपूट हलवतो आहे. सेक्रेटरींनी हा सिमेंटचा दोष ठरवून भिंत आणखी दोन फूट वाढवण्याचा ठराव मांडला आहे. अनुमोदक म्हणून माझं नाव घातलं आहे.

काल मी शिडी लावून वर चढलो. उजव्या पंजाची करंगळी टोकाशी बाहेर वळलेली आहे. वाकड्या करंगळ्या जगात पुष्कळ असतात. मी तिच्यावर माझा हात ठेवून पाहिला. ती बाजू दिवसभर सावलीत असते, भिंत गार होती. पंजा मात्र कोमट होता.

असो. पोहे निवताहेत.

तुझा,
साईनाथ

ता. क. भिंतीचे फॉरवर्ड काही दिवस पाठवू नकोस. मालन हल्ली माझा फोन सारखा बघते.

आणखी ता. क. रेंजची गोष्ट खोटी आहे. विनीतचा फोन येऊन बावीस दिवस झाले. हॉटेल वगैरे काही नव्हतंच. शेवटचं बोलला तेव्हा तो तुमच्या भिंतीलगतच्या कुठल्याशा गावात होता. एजंट उद्या दुपारी पलीकडे नेणार आहे म्हणाला. एजंट आता फोन उचलत नाही. तिकडे पकडलेल्यांच्या याद्या असतात ना? त्यांत त्याचं नाव आहे का, तेवढं बघ रे. पकडला गेला असला तर मी पेढे वाटीन. यादीत नाव नसलं तर काय, याची मला भीती वाटते.