कॉम्प्युटरमागचा डबा

गंगापूर रोड, नाशिक
गुरुवार, दि. ११ डिसेंबर २०२५

चि. गोरक्ष,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकशील, आणि कदाचित ते दोन दिवस तसंच बंद ठेवशील. ठेव. पण फाडू नकोस.

इकडे थंडी यंदा लवकर उतरली. सकाळी नळाखाली हात धरवत नाही. आज मार्गशीर्षातला गुरुवार, घट मांडला, पाचजणी येऊन हळदीकुंकू घेऊन आत्ताच गेल्या. नामपूरला तर अजून कडाका असेल. आमच्या सूनबाईची, वेदिकाची, कंबर कशी आहे? ओवा घालून तेल कोमट करून लाव म्हणावं. तू आता कांदा मार्केटात वजनकाट्यावर बसतोस असं तुझ्या वडिलांकडून, म्हणजे आमच्या दादाकडून कळलं. दिवसभर ट्रॅक्टर चढतो, उतरतो, तू आकडे लिहितोस. केसाएवढी तार डाग देऊन जोडणारे तुझे हात. हे लिहायचं नव्हतं, लिहून गेले.

कॉम्प्युटर चांगला चालतोय. तोच, तू जोडून दिलेला, बारा वर्षांचा. माझे मालक गेले त्या वर्षी तू तो रिक्षातून आणलास आणि म्हणालास, "आत्या, रडायला फुरसत मिळणार नाही असं काहीतरी शिक." सातवी शिकलेली बाई मी. एका बोटाने 'अ' शोधत बसायचे. आज भजनी मंडळाच्या सातजणींना दर शनिवारी शिकवते. पलीकडच्या सोसायटीतल्या बायका मला 'कॉम्प्युटरवाल्या ताई' म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला फार आवडतं.

गेल्या डिसेंबरातलं सगळं तुला पाठ असेल, तरी पुन्हा लिहिते. संध्याकाळी पाचला मी मंडळाची भजनं टाइप करायला बसायचे आणि अर्ध्या तासात मशीन बंद. कधी निळा पडदा, कधी एकदम काळोख. आतला पंखा तर विमान उडाल्यासारखा ओरडायचा. तू आलास, धूळ काढलीस, आतल्या चिपवरचं मलम बदललंस. पुन्हा बंद. मेमरीची पट्टी खोडरबरने घासलीस. पुन्हा बंद. पॉवर सप्लाय नवा घातलास. पुन्हा बंद. मग मशीन तुझ्या दुकानात नेलंस, आणि तिथे ते आठ दिवस बैलासारखं चाललं, एकदाही बसलं नाही.

"आत्या, दुकानात नीट आणि तुझ्याकडेच रुसतो. तुझ्या घरातच काहीतरी आहे."

"माझ्या घरात काय भूत आहे होय रे?" मी म्हटलं. आपण दोघं हसलो.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू. वीसेक बायका जमलेल्या. वर्षभराचे फोटो मोठ्या पडद्यावर दाखवायचे होते. चौथ्या फोटोला मशीन गेलं. अंबूबाई म्हणाल्या, "अगंबाई, तुमच्या भाच्यानेच दुरुस्त केलाय ना हा?" आणि मी बोलले. काय बोलले ते वेदिकाने तुला सांगितलंच असेल, ती आत स्वयंपाकघरात तिळगुळाच्या वाट्या भरत होती. "घरचा म्हणून विश्वास टाकला. आतला चांगला माल काढून घेऊन जुना घातलाय की काय, कोण जाणे." एवढंच. वेदिका वाण न घेता, माझ्याकडे न बघता चपला घालून गेली.

या बायकांच्याच घरांतून, त्यांच्या मुलांच्या ऑफिसांतून तुझं बहुतेक काम यायचं. दुरुस्ती करणाऱ्याच्या नावाला तेवढं पुरतं. अक्षय्य तृतीयेच्या आत तुझं शटर खाली आलं.

आता मूळ गोष्ट. गेल्या आठवड्यात मला कारण सापडलं. आपल्याकडच्या थंडीत दूध विरजलं तरी दही लागत नाही, दुधाचं दूध राहतं. म्हणून मी गेल्या वर्षीपासून विरजणाचा डबा कॉम्प्युटरच्या मागे, गरम वारा येतो त्या जाळीला टेकवून ठेवते, आणि ऊब जाऊ नये म्हणून डबा आणि मशीन मिळून वरून शाल गुंडाळते. सकाळी सुरी लावून कापावं असं दही. यंदा थंडी पडल्यावर पुन्हा तसंच केलं आणि पंचविसाव्या मिनिटाला मशीन बंद पडलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. म्हाताऱ्या माणसाच्या अडाणीपणाने झालं बघ सगळं. तू मोठ्या मनाचा आहेस, राग सोड.

शुक्रवार, सकाळ

काल इथे सही करून पाकीट चिकटवणार होते. डिंक लावला नाही.

काल शेवटी जे लिहिलं ते खोटं आहे. तो कागद फाडून नवा घ्यावा असं मनात आलं, पण नको. माफी मागायला बसल्यावरसुद्धा माझा हात कुठे वळतो ते तुला दिसू दे.

मला गेल्या आठवड्यात कळलं नाही. मला गेल्या वर्षीच कळलं होतं.

तू मशीन दुकानातून परत आणून ठेवलंस तेव्हा आत काहीतरी बसवलं होतंस, तापमान टिपून ठेवणारं. दोन दिवसांनी फोन केलास. "आत्या, रोज संध्याकाळी पाचनंतरच हा तापतो. सकाळी थंडगार असतो. संध्याकाळी तू काय वेगळं करतेस?" मी म्हटलं, "काही नाही रे, भजनं टाइप करते." आणि फोन ठेवता ठेवता माझी नजर शालीवर गेली. तेव्हाच कळलं, गोरक्ष. त्या क्षणी.

तरी दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा ठेवला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. उद्यापासून बंद करू, आजचं दूध तर कोमट झालंय, असं काहीतरी. सवय. आणि मला वाटलं, गुपचूप बंद केलं की मशीन आपोआप सुधारेल आणि कुणाला कळणार नाही.

तू न सांगता आलास. सहा वाजले असतील. घंटी वाजली, बाहेरून तुझा आवाज, "आत्या, मी आहे." तुला आठवत असेल, मी दार उघडायला वेळ लावला. "बाथरूममध्ये होते," म्हणाले. नव्हते. मी शाल ओढून काढली, डबा उचलून ओट्यावर ठेवला, शालीची घडी घालून कपाटात सारली, आणि मग कडी काढली.

तू मशीनवर हात ठेवलास. "बापरे, हे तर तव्यासारखं तापलंय!" मागे वाकून बघितलंस. मागे काय असणार? तासभर त्याच्यासमोर मांडी घालून बसलास. मशीन हळूहळू निवलं आणि गुणी पोरासारखं चालायला लागलं. तू कपाळ चोळलंस. "आत्या, माझंच काहीतरी चुकतंय. पंधरा वर्षं हे काम करतोय आणि मला एक जुना डबडा कळेना."

मी तुला ते म्हणू दिलं.

वर दहीभात वाढला. आदल्या दिवशीचं दही, त्याच डब्यात लागलेलं. तू बोटं चाटलीस. "डिसेंबरात असं घट्ट? वेदिकाचं लागतच नाही." आणि मी, माझ्या तोंडाने, म्हणाले, "हाताचा गुण असतो, बाबा."

दह्याची लाज नव्हती रे वाटली. मशीन आणलंस त्या पहिल्या दिवशी तू माझं बोट धरून मागच्या जाळीवर ठेवलं होतंस. "इथून तो श्वास सोडतो. हे कधी झाकायचं नाही." हेच वाक्य मी सातजणींकडून पाठ करून घेतलंय. वहीत पहिल्या पानावर आहे. आणि मीच तिथे शाल गुंडाळली होती. कॉम्प्युटरवाल्या ताईंनी. ते कुणाला कळू नये म्हणून तुझ्या हातातलं काम गेलं तरी मला चाललं.

संक्रांतीला वीस बायकांची कढी करायची, म्हणून त्या दिवशीही डबा मागेच होता. फोटोंसाठी सजावट म्हणून मी पुढून जरीचा पदर सोडला होता, त्यामुळे कुणाला दिसला नाही. मशीन गेलं तेव्हा का गेलं हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. तरी मी ते वाक्य बोलले. मला संशय आला म्हणून नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या म्हणून.

तू भांडायला आला असतास तर मी भांडले असते. तू आला नाहीस. पिशवी पाठवलीस. जुना पॉवर सप्लाय, जुना पंखा, मेमरीची पट्टी, काढलेलं सगळं, एकेकाला तारखेची चिठ्ठी बांधलेली. मी ती माळ्यावर टाकली. वर्षभर माळ्याकडे मान वर केली नाही.

शनिवार, दुपार

आज वर्ग होता. सातजणी बसल्यावर मी पिशवी खाली आणली आणि चिठ्ठ्या वाचायला दिल्या. मग सगळ्यांसमोर मशीन चालू केलं, डबा मागे टेकवला, शाल गुंडाळली. सखुबाई म्हणाल्या, "हे काय, मशीनला बाळंतपण काढताय का?" सगळ्या खो खो हसल्या. मी म्हटलं, बघत राहा. सव्वीस मिनिटांनी पडदा काळा झाला. तेव्हा कुणी हसलं नाही.

मग मी सगळं सांगितलं. अडाणीपणाचं नाही, दाराचं. ओट्यावर ठेवलेल्या डब्याचं.

सखुबाई मला सांभाळून घ्यायला बघत होत्या. "असू दे हो ताई, होतं माणसाकडून."

अंबूबाईंनी वही मिटून पिशवीत टाकली. "होतं कसं? आमच्या जावयाने त्या पोराला औषधाच्या दुकानातून हाकललं होतं. गिऱ्हाइकांसमोर. 'चोराला मशीनला हात लावू देणार नाही,' म्हणाला. मी शेजारी उभी होते, मीच सांगितलं होतं त्याला तुमचं वाक्य. आता घरी जाऊन काय सांगू मी?"

"खरं ते सांगा."

"मी का सांगू? चला. तुम्ही सांगा."

आणि धरला माझा दंड. मी घरातल्याच साडीवर, तशीच त्यांच्याबरोबर गेले. दुकानात पाचसहा माणसं उभी होती. जावई म्हणाले, "या ताई, बीपीची गोळी का?" मी म्हटलं, नाही. आणि काउंटरला धरून बोलले. आवाज इतका बारीक निघत होता की मागचा एक जण म्हणाला, "आजी, जरा मोठ्याने." मग मोठ्याने बोलले.

'चोर' हा शब्द तुला त्यांनी तोंडावर वापरला हे मला आज कळलं. तू कधी सांगितलं नाहीस. माझ्या तोंडून तो शब्द निघाला नव्हता, असं मी वर्षभर स्वतःला समजावत होते. त्याने काय फरक पडतो?

आणखी नऊ घरं आहेत. अंबूबाईंनी यादी करून दिली आहे आणि म्हणाल्या, "मी येते सोबत. तुमच्यावर प्रेम आहे म्हणून नाही, तुम्ही अर्ध्यावरून परताल म्हणून." खरं आहे ते. सोमवारपासून जातो.

पण सगळ्यात अवघड घर नाशकात नाही. दादा. मी त्याला संक्रांतीनंतर फोनवर तेच सांगितलं होतं, जे बायकांना सांगितलं. तू त्याच्यासमोर उभा राहून "बाबा, मी काही काढलं नाही" म्हणालास, तेव्हा तो आपल्या अहिराणीत काय म्हणाला ते वहिनीने मला कळवलं होतं. "मनी बहीण कधी खोटं बोलस नही." तेव्हापासून तो तुझ्याशी कामापुरतं बोलतो, हेही माहीत आहे. एका घरात राहून. माझ्यावरच्या विश्वासाचे चटके तुला रोज जेवायच्या ताटावर बसतात.

परवा त्याला फोन लावला. "बोल वं चतुरा," म्हणाला, इतकं आनंदाने. मी कांद्याला काय भाव फुटला ते विचारलं, ऐकून घेतलं आणि ठेवून दिला.

म्हणून फोनवर नाही. पुढच्या रविवारी, एकवीस तारखेला, सकाळच्या बसने नामपूरला येते. दादाच्या ओट्यावर बसून सांगेन, आणि अहिराणीत सांगेन. नाशिकच्या शुद्ध भाषेत मला वळणं घेता येतात, हे तू गुरुवारच्या पानावर पाहिलंसच. आपल्या बोलीत मला ती येत नाहीत. दादा ऐंशीचा आहे. बहीण खोटं बोलते हे त्याला या वयात कळणार, त्याचं काय होईल माहीत नाही. पण आपला मुलगा खोटं बोलत नाही हेही त्याला त्याच दिवशी कळेल, आणि ते कळल्याशिवाय तो जायला नको.

त्या दिवशी तू घरी थांबावंस अशी गळ घालत नाही. थांबलास तर एक कर. मी रडले तर "जाऊ दे आत्या" म्हणू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तुझ्या तोंडून ते पटकन निघेल. मला ते फुकट मिळायला नको. दादाने तुझ्याकडे बघून काय म्हणायचं ते म्हटल्यावर, पुढचं तुझ्या मनावर.

वेदिकाला वेगळं पत्र लिहायला बसले होते, जमलं नाही. तिच्यासमोर उभी राहीन.

लोभ असावा म्हणायला तोंड नाही. सहीखाली 'आत्या' लिहीत नाही. एकवीस तारखेनंतर कधी तू त्या नावाने हाक मारलीस, तर लिहीन. तोवर, तुझ्यावर खोटा आळ घेणारी,

चतुरा