तेरावी जागा

प्रिय हर्षा,

सानगडीला पत्र आलेलं पाहून हसशील. फोन तू उचलत नाहीस. पत्र मात्र फाडलंस तरी आधी वाचशील, एवढी मी तुला ओळखते.

इकडे गोसीखुर्दला धरणाजवळची आपली खानावळ बंद पडायच्या बेतात आहे. तू गेलीस, आम्ही बारा जणी राहिलो. चौघींच्या तीन टोळ्या पाडल्या, कशा सुबक! बाराला दोन, तीन, चार, सहा, कशानेही भागा, कटकट नाही. माझ्या वर्गातल्या पोरांना म्हणूनच बारा लाडका आणि तेरा आडमुठा. पण झालं काय, धरणात गेलेल्या दोन्ही गावांच्या बायका आपापल्या गावाची टोळी धरून बसल्या. एकीने तेल संपवलं की दुसरी म्हणते मुद्दाम संपवलं. परवा केशरबाईंनी भाताचा खरकटा गंज अंगणात आणून आपटला.

मग मी हट्टाला पेटले. प्रत्येकीने प्रत्येकीबरोबर एकदा, आणि एकदाच, चुलीशी बसलं पाहिजे, आणि सगळ्यांचे दिवस सारखे. बारा जणींत ते जमतच नाही. प्रत्येकीला सोबतिणी अकरा, एका दिवशी भेटणार तिघी, अकराला तीनने भाग कुठून जाणार? तेरा धर. सोबतिणी बारा, चार दिवसांत सगळ्या भेटतात. मी परातीच्या काठावर खडूने तेरा आकडे गोल मांडले, दर आकडा एकेकीचा, मधे पुठ्ठ्याची चकती ठेवली, तिच्यावर एक, दोन, चार आणि दहाच्या समोर खुणा केल्या. चकती रोज एक घर पुढे. खुणांसमोर ज्या चौघी येतील, त्या दिवशी त्यांची चूल. तेरा दिवसांत प्रत्येक जोडी बरोबर एकदाच जमते! आडमुठ्या तेराचं हे रूप पाहून मी घरात एकटीनेच टाळ्या पिटल्या.

बैठकीत परात ठेवली तर कुंताबाई म्हणाल्या, “हे काय चकरी फिरवून राहिली वो बाई? आपल्याले मासे तळाचे हायेत.” पण मग स्वतःच फिरवत बसल्या, एकेका जोडीवर बोट ठेवून. कुणीतरी म्हणालं, तेरावी म्हणून टीनाला घेऊ, पोरगी चपळ आहे.

आपण पहिल्यांदा तेरा होतो तेव्हा चौघीचौघी केल्या की एक जादा व्हायची, आणि दर वेळी ती तूच. नवऱ्याचं घर सोडून आलेली, तुला आपल्यात ओढणारी टोळी नव्हती. कुंताबाईंनी भर बैठकीत तुला ‘उरलेली’ म्हटलं आणि तू निघून गेलीस. मला अजून त्याचा राग येतो, आणि तुझी आठवणही फार येते.

टीनाचं नाव निघालं तशा कुंताबाई ताडकन बोलल्या, “टीना नाही. ते जागा हर्षाची हाये. माह्या तोंडानं रिकामी झाली. तिले लिही.” मग एकच्या आकड्यावर त्यांनी मला तुझं नाव घालायला लावलं आणि दोनवर स्वतःचं, म्हणजे पहिल्याच दिवशी तुम्ही दोघी एका चुलीशी. सोमवारी चकती सुरू करायची आहे, म्हणून हे पत्र. तू नसलीस तर ती फिरत नाही, हर्षा. मी ताळा करून पाहिलाय, या मांडणीत कुणीच उरत नाही.

तुझीच,
गुंजन