पटावरची तिसावी मुलगी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी शाळेत शिक्षिका आणि त्यानंतर बावीस वर्षे याच घराच्या पुढच्या खोलीत माजी सैनिकांना व सैनिकांच्या बायकांना शिक्षक-परवान्याच्या परीक्षेसाठी तयार करणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली नसताना स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. यकृताने हात टेकले आहेत, डोके मात्र ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यावरची तारीख चुकली होती, ती मीच त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतली, तेव्हा या बाबतीत कोणी शंका काढू नये.

एक. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. चार वर्षांपूर्वी चिरंजीवांना रागाने पाठवलेल्या पत्रात "तुला दमडी मिळणार नाही" असे लिहिले होते. ते पत्र मृत्युपत्र समजू नये. ते भांडण होते आणि त्यात दोन्हीकडून बरेच खोटे बोलले गेले.

दोन. धाकट्या बहिणीला बँकेतली माझी ठेव, शिलाई यंत्र आणि लोकरीची शाल द्यावी. शाल तिचीच आहे. एका लग्नापुरती म्हणून मी ती मागून आणली आणि परत केली नाही. ती कधी बोलली नाही, पण दर भेटीत शालीकडे बघते.

माझ्या कपाटातल्या लाल शाईच्या साडेतीन बाटल्या शिक्षण खात्याच्या निवृत्त तपासनिसांना पोचत्या कराव्यात. त्यांनी माझ्या एका विद्यार्थिनीचा अर्ज सात वेळा परत पाठवला होता. नवऱ्याच्या बदल्यांपायी त्या बाईने अकरा वर्षांत सात गावी सात शाळांत शिकवले होते, आणि दर वेळी साहेबांना एकेका गावचे अनुभवपत्र नव्या नमुन्यात हवे असे. कडेवर मूल घेऊन ती प्रत्येक गावी जाऊन आली. आठव्या खेपेला सही करताना साहेब म्हणाले, "चिकाटी आहे हं." मी त्यांच्यासमोर हसले. हसायला नको होते.

तीन. पुढच्या खोलीतला फळा, नकाशे, पाठांच्या टाचणांची बाडे आणि लोखंडी ट्रंका वर्गाच्या मालकीच्या आहेत, माझ्या नाहीत. ट्रंका माझ्या यजमानांच्या. त्यांनी एकोणीस वर्षे फौजेत नव्या पोरांना नकाशे वाचायला शिकवले. निवृत्त होऊन परवाना कार्यालयाच्या खिडकीशी गेले तेव्हा त्यांच्या अर्जावर "शिकवण्याचा अनुभव नाही" असा शेरा पडला. मग ते गोदामात पोती मोजू लागले आणि तिथेच एका दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या गेले. महिन्याभरात मी त्यांच्या ट्रंका बाकांसारख्या मांडल्या आणि वर्ग सुरू केला.

आजवर एकशे चौदा जणांना परवाने मिळाले. ते काम मजेचेही होते, हे नमूद करते. आम्ही आळीपाळीने खट्याळ मूल होत असू. तोफखान्यातून आलेला एक आडदांड गडी "बाई, ह्याने माझं खोडरबर घेतलं" म्हणून इतके खरे रडायचा, की त्याच्या बायकोला पदर तोंडाला लावावा लागे. सैनिकांना शिकवायला सगळ्यांत अवघड काय, तर मुलांना हुकूम द्यायचा नाही आणि वरच्यांचा हुकूम शब्दशः पाळायचा नाही. शाळेत निम्म्या सूचना या कानाने ऐकून त्या कानाने सोडायच्या असतात. ते त्यांच्या हाडात नसते.

चार. हे राहते घर, मागच्या दोन खोल्यांसह, मी माझ्या एका विद्यार्थ्याला देते. सगळा वर्ग त्याला 'सावधान' म्हणतो. पहिल्याच सराव पाठाला एका चिमुरडीने "सर" अशी हाक मारताच तो टाचा जुळवून ताठ उभा राहिला होता, तेव्हापासूनचे हे नाव. आता तो वेल्डिंगच्या दुकानात काम करतो. त्याची बायकोही माझी विद्यार्थिनी. तिला परवाना मिळाला, ती शाळेत तिसरीला शिकवते आणि गेली दोन वर्षे माझा वर्गही तीच चालवते. तिला सगळे 'तिसरीच्या बाई' म्हणतात. दोघांनी इथे राहावे आणि वर्ग पुढे चालवावा.

सावधान गेली सहा वर्षे दर रविवारी येऊन माझ्या घराची डागडुजी करतो. एक नळ गळू दिला नाही. दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखे होते. का, ते पुढच्या कलमात येईल.

काही कारणाने हे घर त्याला मिळू शकले नाही, तर ते चिरंजीवांना मिळावे. चिरंजीव ते विकतील, हे मला माहीत आहे. बाहेरच्या माणसांवर मी त्याच्याहून जास्त माया केली असे तो म्हणतो. यात काही अंशी तथ्य आहे. पोरा, तुझा राग मी समजू शकते, पण वर्ग बंद करू शकले नाही.

पाच. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले.

सहा वर्षांपूर्वी गावच्या शाळेत सावधानचा शेवटचा सराव पाठ होता. वर्गात किमान तीस मुले हजर असल्याशिवाय पाठ धरला जात नाही, असा नियम आहे. गावात गोवराची साथ होती. त्या दिवशी बरोबर तीस मुले आली. एक जरी बाहेर गेले तरी पाठ बाद, आणि पुढचा पाठ वर्षाने. मी वर्गाच्या दाराशी त्याला सांगितले, "साहेब येऊन पाठ बघून जाईपर्यंत एकही मूल बाहेर जाता कामा नये. काय वाट्टेल ते झालं तरी." तो म्हणाला, "हो बाई." वर्षभर मी त्याला हुकूम विसरायला शिकवत होते, आणि त्या सकाळी मीच त्याला हुकूम दिला.

मी शाळेच्या कार्यालयात गेले. तपासनीस आले होते. आम्ही चहा घेतला. दुसरा कप घ्या, असा आग्रह मीच केला.

वर्गात घड्याळ वाचायचा पाठ चालू होता, सव्वा आणि पावणे. शेवटच्या बाकावरच्या नऊ वर्षांच्या मुलीने हात वर केला. "सर, बाहेर जाऊ?" तो म्हणाला, "थोडं थांब, बाळ." तिने पुन्हा विचारले. त्याने पुन्हा तेच सांगितले. बाहेर जायला विचारणारे मूल बहुतेक वेळा कंटाळलेले असते, हेही त्याला मीच शिकवले होते. तिला दमा होता. तिचा पंप कार्यालयातल्या कपाटात होता, कारण मुलांनी औषधे दप्तरात ठेवायची नाहीत असा शाळेचा नियम. ती लाजरी पोर होती, सगळे वळून बघू लागल्यावर कारण सांगितलेच नाही. तिने बाकावर डोके टेकले. त्याला वाटले, झोप लागली. अठरा मिनिटे. आम्ही आत शिरलो तेव्हा तिचे ओठ काळेनिळे पडले होते. तिला उचलून तो दवाखान्यापर्यंत धावत गेला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

ते कपाट माझ्या खुर्चीच्या मागे होते.

चौकशीत त्याला विचारले, "तुम्हाला कोणी तशी सूचना दिली होती का?" तो ताठ उभा राहून म्हणाला, "नाही साहेब. निर्णय माझा होता." मी शेजारच्या खुर्चीवर होते. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी पाणी प्यायले. त्या वर्षी माझ्या वर्गात सव्वीस जण होते, त्यात त्याची बायको. मी तोंड उघडले तर वर्ग बंद होईल आणि सगळ्यांचे नुकसान होईल, असे मी स्वतःला समजावले. ते खोटे होते. मी घाबरले होते. त्याच्यावर कायमची बंदी आली. बाहेर व्हरांड्यात मुलीची आई त्याच्या तोंडावर थुंकली. मी त्याला रुमाल दिला. एवढेच केले.

तेव्हा मी शपथेवर लिहून ठेवते, की ती सूचना माझी होती, शब्द माझे होते, आणि या माणसाने केवळ माझे ऐकले.

सहा. माझ्या मृत्यूनंतर वकिलांनी कलम पाचची प्रत प्रथम मुलीच्या आईच्या हातात द्यावी, मग परवाना कार्यालयात. नवा पुरावा आल्यास बंदीची फेरसुनावणी एकदा होऊ शकते, मात्र उमेदवाराचे वय पन्नासच्या आत हवे.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. सह्या करण्यापूर्वी मी वरील मजकूर मोठ्याने वाचला. वकील, डॉक्टर आणि साक्षीदार म्हणून बोलावलेले शेजारचे निवृत्त पोस्टमन हजर होते. तिसरीच्या बाईंना मी मुद्दाम बोलावले होते. सावधानला बोलावण्याचे धैर्य झाले नाही. पुढे जे झाले ते वकिलांच्या सल्ल्याविरुद्ध इथेच लिहिते.

वाचून झाल्यावर तिसरीच्या बाई म्हणाल्या, "पंप कुठल्या खणात होता?"

"वरच्या."

"हात पोचला असता?"

"बसल्या जागेवरून."

त्यांनी मान हलवली. वकिलांना विचारले, "हे कधी उघडायचं?"

"बाई गेल्यावर."

"ह्यांना सप्टेंबरात पन्नास पूर्ण होतात. बाई तोवर गेल्या नाहीत तर?"

डॉक्टर स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. हे मला सुचले नव्हते, असे मी लिहिणार नाही. सुचले होते. मेलेल्या माणसाला कोणी उलट प्रश्न विचारत नाही, म्हणून मी हा रस्ता धरला होता. सप्टेंबरचे मी देवावर सोडले होते.

"उद्या अकराला कार्यालय उघडतं," त्या म्हणाल्या. "मी गाडी घेऊन येते. त्याआधी तिच्या आईकडे जायचं."

मी म्हटले, "मला दोन मिनिटं उभं राहवत नाही गं."

"बसून सांगा. त्या दिवशी बसलाच होतात."

मग त्यांनी पोस्टमनच्या हातातले पेन मागून घेतले. वकील पुढे झाले. "अहो, तुम्ही साक्षीदार झालात तर घर तुम्हा दोघांना मिळत नाही. कायदा आहे. पोस्टमनकाका बसलेत ना, त्यांना करू द्या सही."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. "घर घेतलं की लोक म्हणणार, म्हातारीला माया आली, घर दिलं आणि वर चूकही अंगावर घेऊन गेली. ह्यांची चूक नव्हती, हे कोण खरं मानेल मग? आणि उद्या सकाळी बाई उठल्याच नाहीत, किंवा दारापर्यंत येऊन मागे फिरल्या, तर हे माझ्यासमोर वाचलं हे सांगायला मीच हवी."

मी विचारले, "आणि वर्ग?"

"वर्गाचं नंतर बघू."

म्हणून कलम सहा रद्द. कलम चारप्रमाणे घर आता चिरंजीवांकडे जाईल. उद्या सकाळी मी मुलीच्या आईच्या दारात आणि तिथून परवाना कार्यालयात जाऊन कलम पाच स्वतःच्या तोंडाने सांगणार आहे. मला भीती वाटते, हेही लिहून ठेवते.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली.
दिनांक: अकरा मे, दुपारी साडेतीन.

मृत्युपत्र करणारीची सही.

साक्षीदार एक: डॉक्टर. सही करतेवेळी बाई पूर्ण शुद्धीत होत्या.

साक्षीदार दोन: तिसरीच्या बाई, बंदी घातलेल्या उमेदवाराची पत्नी. बाईंनी हे सर्व माझ्यासमोर वाचले व सही केली. सहा वर्षे माझे यजमान चौकशीत सांगितले तेच मलाही सांगत आले, की "चूक माझीच." आता घरी जाऊन त्यांना सांगते, की मला कळले.