तुमचा पाय पटातच मोडला

बाबा,

मुर्रीच्या सभेत उमेदवारानं भोंग्यावरून तुमच्या मोडक्या पायाची गोष्ट सांगितली, त्या घडीला माझं सगळं बदललं. "बेचाळीसमध्ये आम्ही दोघं झेंडा धरून उभे होतो. लाठी माझ्यावर येत होती, त्यानं ती पायावर घेतली!" म्हणाला, आणि मला हात धरून मंचावर ओढलं. "हा त्याचा पोरगा!" टाळ्या पडल्या. तुम्हाला बैलांच्या पटातून बाजेवर घालून घरी आणणारा आपला शेजारीही टाळ्या वाजवत होता. खाली उतरून मी विचारलं, "काका, तुम्ही तर होते ना पटात?" तंबाखू मळत म्हणाला, "होतो न बापा. पण भाषण रंगात येऊन राह्यलं होतं, मधात कायले बोलाचं?"

मला तो पौषातला दिवस दिसतो. शंकरपट भरलाय, शर्यतीत तुमची जोडी सुटलीय, आणि पांढरा बैल एकाएकी बाहेर ओढतो. संध्याकाळी तुम्ही बाजेवर, पायाला बांबूच्या कमच्या बांधलेल्या, आणि मी रागानं त्या बैलाला काठीनं झोडपतोय. तुम्ही तिथूनच ओरडलात, "ठेव ते! त्याले कायले मारतेस? कासरा माह्या हातात होता." पुढं वर्षा-दोन वर्षांत तुम्ही गेलात.

कॉलेज अर्ध्यात सोडून आलो, तेव्हापासून मी गोंदियाच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहितो. आईला तब्येतीचं कारण सांगितलं. तुमच्यापासून काय लपवायचं, मी उमेदवाराच्या मुलीपायी आलो. सभेनंतर संपादक म्हणाले, "अरे भाई, मस्त मसाला है! 'माझ्या वडिलांनी झेललेली लाठी', तुझ्या नावानं, पहिल्या पानावर." उमेदवारानं खांद्यावर हात ठेवला. "लिव्ह. निवडून आलो का तुमचं दोघांचंही पाहू." म्हणजे आमचं त्याला माहीत होतं.

लिहू का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, "काऊन अडून बसला? तुह्या बापाचं नावच तं मोठं होऊन राह्यलं. माह्या बापाले लबाड म्हणशीन, मंग मले कोणत्या तोंडानं मागशीन?"  

तरी आज लिहून दिलं, की माझ्या वडिलांचा पाय शंकरपटात मोडला, ते कधी मोर्चात गेले नव्हते. संपादकांनी कागद परत सरकवला. "ये नहीं छपेगा. दुसरं लिही, नाहीतर घरी बस." ते जेवायला गेलेत आणि मी त्यांच्याच टेबलावर तुम्हाला लिहीत बसलोय.

एक सांगायचं राहिलं. टाळ्या पडल्या तेव्हा मी छाती काढून उभा होतो, बाबा. लोकांना हातही जोडले. घडीभर वाटलं, लाठीच असती तर बरं झालं असतं.

हा कागद कुठं पाठवणार? खिशातच राहील. संध्याकाळी उमेदवाराची देवरीला सभा आहे. तिथं तुम्हाला कोणी ओळखत नाही, म्हणजे लाठी आणखी जाड होईल. छापत नाहीत तर उभा राहून तोंडानं सांगतो. ती समोर बायकांत बसलेली असेल. तिच्याकडं बघायचं नाही, असं ठरवून उठतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.